त्यांच्या मानाने ठीक

गेल्या गणपतीत माझा एक जुना विद्यार्थी घरी येऊन गेला. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोगांचा डॉक्टर आहे. शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण घेणारा. तेव्हा त्याच्याशी आकड्यांवर बोलताना मास्तरालाही जपून राहावे लागते. आमचा वाद झाला तो एका आकड्यावरूनच, आणि तो आकडा म्हणजे १.१५९. रात्रीचे अकरा वाजले, ताटातले मोदक गार झाले, तरी वाद मिटला नाही. वैद्यकात मला गती नाही हे आधीच कबूल करतो. मॅट्रिकच्या पुढे मी गेलो नाही. दिवसा शाळेत शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. परंतु ज्या गोष्टीविषयी मला येथे भांडावयाचे आहे तिला वैद्यकापेक्षा गुणाकार अधिक लागतो, आणि गुणाकार मला येतो.

गोष्ट अशी. स्नायूंच्या व्यवहारातून क्रिएटिनिन नावाचा एक टाकाऊ पदार्थ रक्तात येतो आणि मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकली की तो रक्तात साठू लागतो. रक्तातले त्याचे प्रमाण, रोग्याचे वय आणि तो पुरुष की स्त्री एवढ्यावरून गाळण्याची शक्ती किती उरली आहे ह्याचा अंदाज एका सूत्राने काढतात. निरोगी तरुणाचा आकडा शंभराच्या आसपास येतो. तो उतरत उतरत २० वर आला म्हणजे अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे रोगी नव्या मूत्रपिंडाच्या रांगेत उभा राहू शकतो, आणि त्या दिवसापासून त्याचा प्रतीक्षाकाल मोजला जातो. १९९९ साली निघालेल्या सूत्रात आणि २००९ साली आलेल्या सुधारलेल्या सूत्रात आणखी एक प्रश्न होता: रोगी काळा आहे काय? उत्तर होय असले, तर आलेल्या आकड्याला गुणावयाचे. जुन्या सूत्रात सुमारे १.२१ ने, नव्यात १.१५९ ने.

आता दोन माणसे घ्या. वय एक, दोघे पुरुष, रक्तातले क्रिएटिनिन एक. गोऱ्याचा आकडा आला १८. तो रांगेत उभा राहिला. काळ्याचा आकडाही १८ च, पण १८ गुणिले १.१५९ म्हणजे २०.८६. त्याला सांगावयाचे, अजून वेळ आहे, घरी जा.

हा गुणक आला कोठून? ज्या रोग्यांवरून सूत्र बसविले त्यांतल्या काळ्या रोग्यांच्या रक्तात, गाळणशक्ती तितकीच असूनही, क्रिएटिनिन सरासरीने अधिक आढळले. कारण काय, तर काळ्यांचे स्नायू अधिक असतात असे सांगण्यात आले. मग सूत्रात स्नायूंचे माप घालावयाचे! ते घातले नाही. कातडीचा रंग घातला. गोदीतला हमाल असो की बँकेतला कारकून असो, काळा असला की गुणक तोच. आई गोरी आणि बाप काळा असेल त्याचे काय करावे, ह्याला सूत्रात जागाच नव्हती. ह्या सूत्राच्या लेखी जगात दोनच जाती, काळे आणि काळे नसलेले. त्यामुळे माणदेशातला उन्हात रापलेला शेतकरी स्वीडनच्या माणसाशेजारी एकाच रकान्यात जाऊन बसे. आणि २००८ साली दक्षिण आफ्रिकेत तेथल्याच काळ्या रोग्यांवर जुने सूत्र तपासून पाहिले, तेव्हा गुणक गाळला असता उत्तर अधिक बरोबर येते असे दिसून आले. काळ्यांसाठी म्हणून शोधलेला आकडा आफ्रिकेत चालेना!

माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, तुम्ही जिंकलेल्या लढाईवर पोवाडा रचता आहात. २०२१ साली सूत्रातून वंश काढून टाकला. पण तो शास्त्राने काढला नाही, चळवळीने काढला. मिनियापोलिसमध्ये पोलिसाने एक माणूस मारला आणि रस्त्यावरचा राग आमच्या प्रयोगशाळेत शिरला."

रागाचे मला काही वाटत नाही. बॉस्टनच्या एका रुग्णालयाने हा गुणक २०१७ सालीच टाकून दिला होता, तेव्हा रस्ते शांत होते. पण समजा, चळवळीनेच काढला. मग शास्त्राने तो बावीस वर्षे का ठेवला हे मला कोणी सांगेल काय? शिवाय लढाई संपली म्हणावे तर तिच्या जखमा अजून मोजल्या जात होत्या. जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना हुकूम झाला की रांगेतल्या प्रत्येक काळ्या रोग्याचे जुने कागद काढा, गुणक नसता तर तो केव्हा रांगेत आला असता ते पाहा आणि तेवढा काळ त्याच्या खाती जमा करा. पुढच्या सव्वा वर्षात १४,००० हून अधिक माणसांच्या खाती काळ जमा झाला, सरासरी सुमारे दोन वर्षे. दोन वर्षे म्हणजे आठवड्याला तीन वेळा डायलिसिसच्या यंत्राशी बांधून घेतलेली दोन वर्षे. रांगेत असताना जे वारले त्यांच्या खाती काय जमा झाले, हे मी विद्यार्थ्याला विचारले नाही. सण होता.

येथे मला न्यायाने वागले पाहिजे. त्याचा मुख्य मुद्दा निराळा होता आणि तो लेचापेचा नव्हता. तो म्हणतो, सरासरी खोटी नव्हती. काही समूहांत क्रिएटिनिन अधिक येते ते येतेच. गुणक काढला की काळ्यांचा आकडा खाली येतो. कोणाला औषधाची मात्रा कमी मिळते, कोणाचे मूत्रपिंड भावाला द्यावयाचे असते ते नाकारले जाते. चूक एका बाजूची काढली की दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. हे सर्व खरे आहे. ह्यावर उपाय म्हणून तिकडच्या तज्ज्ञांनी सिस्टॅटिन सी नावाच्या दुसऱ्या द्रव्याची तपासणी वाढवावी असे म्हटले. त्याला वंश विचारावा लागत नाही. तेव्हा सरासरी खरी की खोटी हा माझा तंटा नाही. ती सरासरी हाती आल्यावर आपण तिचे काय करतो, तेथे माझा तंटा आहे. तिकडे ह्या गुणाकाराला दुरुस्ती म्हणत. दुरुस्ती! जणू रोग्याचे शरीर ही एक बिघडलेली पाटी आहे आणि सूत्राने ती पुसून नीट लिहिली.

ह्या दुरुस्तीची वंशावळ पाहावयाची तर मूत्रपिंडे सोडून फुप्फुसांकडे गेले पाहिजे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४६ साली श्वास मोजण्याचे यंत्र, स्पायरोमीटर, प्रसिद्ध केले. खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे, भिकारी, अशा दोन हजारांवर माणसांना त्याने त्यात फुंकावयास लावले. यंत्र निष्पाप होते. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट ह्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डॉक्टराने जाहीर केले की काळ्या गुलामाच्या फुप्फुसांची शक्ती गोऱ्याच्या मानाने २० टक्के कमी असते. त्यावरून त्याने काय काढले? की सक्तीची मजुरी गुलामाच्या प्रकृतीला हितकर आहे, कारण तिने त्याचे आळशी रक्त खेळते राहते! गुलामाने मालकाकडून पळून जाणे हा एक रोग आहे असे सांगून त्याला भारदस्त ग्रीक नाव देणारे ते हेच गृहस्थ. गुलामांच्या झोपड्यांत हवा किती, त्यांच्या पानात काय पडते, पोर कोणत्या वयात कापसाच्या शेतात उभे करतात, हे प्रश्न त्याला पडण्याचे कारणच नव्हते. उत्तर आधी मिळालेले होते.

गुलामगिरी १८६५ साली कायद्याने गेली. तो उणेपणा मात्र यंत्रात राहिला. काळ्यांसाठी १० ते १५ टक्के आणि आशियाईंसाठी ४ ते ६ टक्के कमी धरून त्यांचे 'नॉर्मल' ठरविण्याची रीत एकविसाव्या शतकापर्यंत चालत आली. (आशियाई म्हणजे आपणही त्यात आलो, हे मूत्रपिंडाच्या वेळी स्वीडनशेजारी बसून खूष झालेल्यांनी ध्यानात घ्यावे.) उंचीच्या मानाने धड किती लांब, ह्याचाही थोडा भाग फुप्फुसाच्या मापात असतो हे मला ठाऊक आहे. पण धड मोजावयास शिंप्याची फीत पुरते. यंत्रात बटण होते ते वंशाचे.

ह्या बटणाने काय होते ते पाहा. दोन मजूर एकाच कारखान्यात ॲस्बेस्टॉसच्या धुळीत वीस वर्षे काढतात. दोघांचाही श्वास सारखाच उणावतो. गोऱ्याला यंत्र सांगते, तुझे फुप्फुस बिघडले. काळ्याला सांगते, तुमच्या मानाने ठीक आहे. ही माझी कादंबरी नव्हे. १९९९ साली बाल्टिमोरच्या ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत एका मोठ्या कंपनीने अशीच मागणी केली होती, की काळ्या कामगारांना भरपाई मागावयाची तर त्यांचे फुप्फुस गोऱ्यांपेक्षा अधिक बिघडलेले असले पाहिजे. अमेरिकेच्या श्वसनरोगतज्ज्ञांच्या संस्थेने फुप्फुसांसाठी वंशविरहित माप वापरावे असे सांगितले ते २०२३ साली.

आणि हे फुप्फुसांवर थांबले असते तरी एक वेळ म्हटले असते की शरीराची गोष्ट आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसून बसून म्हातारपणी बुद्धी जाते. अशा निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याचा समझोता झाला, आणि बुद्धी किती गेली हे मोजताना काळ्या खेळाडूची मुळातली बुद्धी कमी धरण्यात आली. मुळात कमी, म्हणून गेली तीही कमी. म्हणून भरपाई नाही! दोन खेळाडूंनी २०२० साली दावा लावला, तेव्हा कोठे २०२१ साली ही रीत मोडण्याचे कबूल झाले.

मला ह्याचा इतका संताप का यावा, असे विद्यार्थ्याने मला विचारले. तुमचे काय जाते, असाच त्याचा सूर होता. त्याला जे सांगितले नाही ते येथे सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी पाचवीला शिकवीत असताना दगडखाणीच्या वस्तीतून एक मुलगा वर्गात येत असे. फळ्यावरचे उतरवून घेताना तो हटकून चुके. पुस्तक नाकाशी धरून वाची. ती मला त्याची लकब वाटली. चाचणीत त्याला २५ पैकी ९ गुण पडले. वस्तीतल्या पोरांना त्याआधीच्या वर्षांत सात-आठच पडत आले होते, म्हणून मी वहीत शेरा लिहिला: 'वस्तीतल्या मुलांच्या मानाने ठीक.' तो शेरा लिहिताना माझ्या मनात तिळमात्र दुष्टावा नव्हता. उलट त्याच्याकडून जास्त अपेक्षा धरीत नाही म्हणून मी स्वतःला दयाळू समजत होतो. पुढच्या वर्षी शाळेत डोळे तपासावयास माणसे आली आणि त्याला दोन्ही डोळ्यांना उणे चारचा चष्मा लागला. मागच्या बाकावरून त्याला फळा दिसतच नव्हता. हेच ९ गुण एखाद्या कारकुनाच्या मुलाला पडले असते, तर दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बापाला बोलावून घेतले असते.

माझी सरासरी बरोबर होती. वस्तीतल्या मुलांना गुण कमीच पडत. त्या बरोबर सरासरीनेच मला आंधळे केले.

म्हणून माणसे मोजणेच पाप, असे जे म्हणतात त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशर ह्या प्राध्यापकाकडे. पुढे हिटलरच्या वंशविचाराला शास्त्राचा टिळा लावणारे ते हेच. गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक विषम असल्या पाहिजेत, असा त्यांचा कयास. तो सिद्ध करण्याचे काम ह्या मराठी विद्यार्थिनीकडे आले. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि विषमतेचा काही संबंध दिसत नाही असे लिहून दिले. गुरूच्या घरात, गुरूच्या मापांनी. पुढे त्यांनी महाराष्ट्रातही गावोगाव माणसे मोजली. त्या मोजणीतून काय हाती लागले ह्यावर आज कोणी भांडेल. पण फीत हातात धरताना उत्तर आधी लिहून ठेवलेले नसावे, एवढे त्या पंचविशीच्या आत शिकल्या होत्या.

विद्यार्थ्याने मग शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "सर, आपल्या लोकांचे काय? इंग्लंडमध्ये हृदयविकाराचा धोका काढताना वंश विचारतात. भारतीय म्हटले की धोका वाढतो आणि गोळी लवकर सुरू होते. आपली माणसे चाळिशीत छातीला हात लावून पडतात. तो रकाना पुसून टाकू?"

हा पत्ता खरोखर जड आहे. इंग्लंडच्या सूत्रात हा प्रश्न आहे. अमेरिकेच्या २०१३ च्या सूत्रात गोरे आणि काळे एवढेच दोन रकाने होते आणि आपल्याला गोऱ्यांत धरीत. २०२३ च्या नव्या सूत्रात वंशच नाही. ज्या खुणेने माणसाकडे लवकर लक्ष जाते ती खूण आणि ज्या खुणेने त्याला घरी पाठवितात ती खूण, ह्या दोन्ही मी एका तराजूत घालणार नाही. दुसरे काही हाती नसेल तोवर पहिली राहू द्यावी. पण तेथेही मला पुण्याची एक गोष्ट आठवते.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे अंगाने सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून मेदस्वी. येथे हिंदी लोकांसाठी एक गुणक बसवून मोकळे होता आले असते. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचे जेवण, काम आणि वजन मोजीत होते. त्या खेड्यांत जन्मणारे मूल सरासरीने २.७ किलोचे, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधले ३.५ किलोचे. आपले मूल स्नायूंनी रोड, पण चरबी त्या मानाने राखलेली. मधुमेहाची तयारी आईच्या पोटातूनच घेऊन आलेले. तेथून त्यांचा शोध आईच्या रक्तातल्या ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेपर्यंत गेला. पुढे मुलींना लग्नाआधीच ते देऊन पाहण्यापर्यंत गेला. फरक त्यांनीही मान्य केला. पण तो मान्य करून ते झोपले नाहीत. विहिरीवर, शेतात, चुलीपाशी जाऊन त्याचे कारण शोधीत राहिले. आजच्या भारतीयाच्या अंगात जो धोका आहे त्यात आजीच्या ताटाचा वाटा असेल, तर त्याला वंश म्हणणे म्हणजे उपासमारीला गोत्र देणे होय.

आणि जेथे खरोखर रक्तातच काही असते तेथे रक्त तपासावे. सिकलसेलचा रोग अमेरिकेत काळ्यांचा म्हणून ओळखला गेला. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींना तो पिढ्यान्‌पिढ्या छळतो आहे. तो मलेरियाच्या मुलुखामागे गेला, कातडीमागे गेला नाही. तो आहे की नाही हे थेंबभर रक्त सांगते; त्यासाठी चेहरा पाहावा लागत नाही.

रकाना पुसला की पाप फिटले, असेही कोणी समजू नये. २०१९ साली अमेरिकेतल्या एका गणकप्रणालीची हकीकत प्रसिद्ध झाली. कोणत्या रोग्याला जादा शुश्रूषा द्यावी हे ती ठरवी, आणि तीत वंशाचा उल्लेखसुद्धा नव्हता. ती फक्त रोग्यावर मागे किती खर्च झाला हे पाही. काळ्यांवर खर्च कमी झालेला, म्हणून ते कमी आजारी! तपासले तेव्हा त्याच गुणांकाचे काळे रोगी गोऱ्यांपेक्षा पुष्कळच अधिक आजारी निघाले. पूर्वी हयगय झाली, ह्याचाच पुरावा त्यांच्या प्रकृतीच्या खाती जमा धरला गेला. माझा शेरा वहीतून खोडला असता आणि मुलाला मागच्या बाकावरच ठेवले असते, तर जे झाले असते तेच हे.

निघताना दारात बूट घालता घालता माझा विद्यार्थी जे बोलला ते त्याच्या साऱ्या युक्तिवादांपेक्षा मला खरे वाटले. तो म्हणाला, "सर, एका रोग्याला मला पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात त्याचे स्नायू मोजू, कोठे काम केले ते विचारू, लहानपणी काय खाल्ले ते विचारू, की औषध लिहू? त्या रकान्यावर खूण करावयास एक सेकंद लागत असे."

मी काही बोललो नाही. माझ्या वर्गात साठ मुले असतात आणि तास पस्तीस मिनिटांचा. दगडखाणीवरचा तो मुलगा जूनपासून एप्रिलपर्यंत मागच्या बाकावर बसून राहिला तो ह्याच कारणाने.